तीन गाठींचा हिरवा दोरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून लपवावं असं माझ्या आयुष्यात दुसरं फारसं काही नाही. फिल्मच्या एका रिळाला हिरवा दोरा बांधलेला होता. त्या दोऱ्याच्या तीन गाठी मी टाचणीने सोडवल्या. दुसऱ्या दिवशी मला त्या गाठींबद्दल विचारलं, तेव्हा त्या नव्हत्याच म्हणून सांगितलं. पोलीस ठाण्यात कुणी लिहून घेईल असा हा गुन्हा नव्हे. पण त्यामुळे एका शहाण्या माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा उडाला. तो माणूस माझा गुरू होता. त्याने त्याआधी मला फसवलं होतं, हेही खरं. दोन्ही सांगतो, कारण एकच सांगितलं तर ते पुन्हा खोटंच होईल.

नव्वदच्या सुरुवातीची वर्षं होती. मी निपाणीहून बंगळूरला आलो होतो, पंचविशी ओलांडून, हातात फोटोग्राफीचं अर्धवट ज्ञान घेऊन. चामराजपेटेत एका फोटो स्टुडिओत डार्करूमचं काम मिळालं. मालकांना सगळी पेठ अण्णा म्हणायची, मीही अण्णाच म्हणू लागलो. घराणं शिंप्यांचं, पाच पिढ्यांपूर्वी कधीतरी महाराष्ट्रातून तिकडे जाऊन राहिलेलं. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि राग आला की दोन्ही एकदम. त्यांच्या मराठीत थोड्याला ‘स्वल्प’ आणि ‘बरं’ला ‘सरी’ हे दोन कन्नड शब्द इतक्यांदा यायचे की काही महिन्यांनी ते माझ्याही तोंडात बसले. गावी गेलो की आई म्हणायची, “हे काय सरी सरी लावलंयस? उसाची सरी का गळ्यातली?”

तोवर रंगीत फोटोंनी सगळ्यांना गिळलं होतं. लग्न रंगीत, बारसं रंगीत. काळ्यापांढऱ्याला गिऱ्हाईक उरलं होतं ते अर्जावरच्या फोटोंचं आणि जुने फोटो नक्कल करून मोठे करून घेणाऱ्यांचं. ताजी काळीपांढरी फिल्म महाग पडायची आणि मिळायचीही नाही. अण्णा तारीख उलटून गेलेली फिल्म गोळा करत. कुठलातरी स्टुडिओ बंद पडला, कुठल्यातरी कारखान्याने जुना माल काढून टाकला, की अण्णा पिशवी घेऊन हजर. शंभर फुटी फिल्मचे पत्र्याचे डबे असत, काहींवरची तारीख दहा-दहा वर्षं मागची.

पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा करून म्हणालो, “अण्णा, ही तर संपलेली आहे.”

“कोण म्हणालं?”

“डब्यावर लिहिलंय.”

“ती तारीख कंपनीची, फिल्मची नव्हे. तुझ्या जन्मदाखल्यावर तू कधी मरणार ते लिहिलंय काय? बस की खाली. शिकवतो.”

त्यांनी शिकवलं. जुनी फिल्म मंद होते, तिला जास्त उजेड द्यावा लागतो. तिच्यावर धुक्यासारखं एक करडं पटल चढतं, ते आवरायला डेव्हलपरमध्ये ब्रोमाइडची चिमूट टाकायची. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक डबा वेगळा. कुणी तो पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला असतो, कुणी कपाटात. म्हणून आधी अंधारात बोटभर तुकडा कापून तपासायचा, आणि या डब्याला किती उजेड जास्त लागेल ते ठरवायचं.

ठरवलेलं लक्षात कसं ठेवायचं, हे मात्र अण्णांचं स्वतःचं होतं. फिल्म फ्रिजमध्ये राहायची. तिथल्या ओलीने चिठ्ठ्या सुटायच्या, शाई पसरायची. शिवाय अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. म्हणून डब्यातली फिल्म कापून कॅमेऱ्याच्या छोट्या रिळात भरली की ते रिळाला दोरा बांधत आणि दोऱ्याला गाठी मारत. गाठ नाही म्हणजे फिल्म नव्यासारखी. एक गाठ म्हणजे लेन्सचं तोंड एक पायरी जास्त उघडायचं, म्हणजे दुप्पट उजेड. दोन गाठींना चौपट, तीन गाठींना आठपट. तीनच्या पुढची फिल्म ते टाकून देत. वडिलांच्या शिलाई मशीनपाशी वाढलेला माणूस, गाठ अशी मारायचा की सुटणार नाही आणि चिमटीत धरली की लगेच कळेल. खूणगाठ बांधणे हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरता शिकलो होतो. खरीखुरी खूणगाठ पाहिली ती त्या फ्रिजमध्ये.

फ्रिज स्टुडिओच्या मागे, त्यांच्या घरात होता. अण्णांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. फ्रिज तिच्यासाठी आणला असं अण्णा सांगत. वरचे दोन कप्पे फिल्मचे, खालचा एक तिचा. स्टीलच्या डब्यांत फिल्म, त्याशेजारी डोशाचं पीठ, त्यामागे मोगऱ्याचा गजरा. लागणारं रीळ सकाळीच बाहेर काढून ठेवायचं काम अक्काचं, कारण थंड रीळ लगेच उघडलं तर त्याला घाम येतो आणि फिल्मवर डाग पडतात.

“ह्यांच्या फिल्मा माझ्यापेक्षा लाडाच्या,” ती म्हणायची. “मला उकडतं तर म्हणतात खिडकी उघड. त्यांना उकडलं तर कंप्रेसर बदलतात.”

त्यांना एकच मुलगी. तिचं लग्न होऊन ती इंदिरानगरला राहायला गेली होती. जावई चलाख, बोलका, कशात ना कशात उलाढाल करणारा. पहिल्या दिवाळीला आला तेव्हा कुणाला न विचारता त्याने फ्रिज उघडला, स्टीलचा डबा काढला, त्यातली काळी पिशवी मैसूरपाकाची समजून सोडली, आणि भर उजेडात शंभर फूट फिल्म गुंडाळीसकट हातात धरून उभा राहिला. मला वाटलं, अण्णा आता फुटणार. अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. “जावईबापू, गोड नाही लागायची ती,” म्हणाले.

मीही हसलो होतो. पुढे ते हसू मला फार महाग वाटलं.

तिसऱ्या वर्षी मला एक नोकरी चालून आली. एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या फोटो विभागात, कायमची. गावाकडे आईने देवापुढे साखर ठेवली. मी अण्णांना सांगायला गेलो तेव्हा ते खिडकीशी बसून निगेटिव्हवरचे डाग ब्रशने भरत होते. हातातला डाग भरून त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. मग म्हणाले, “जाऊ नको रे. माझ्यानंतर हे कोण बघणार? ही डार्करूम तुझीच समज. हे सगळं,” ते फ्रिजच्या दिशेने हात करून म्हणाले, “हे सगळं कळणारा तू एकटाच आहेस.”

मी नोकरी नाकारली. आईने दोन महिने पत्राला उत्तर दिलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, इतका मी त्या एका वाक्यावर तरंगत होतो.

वर्षभरानंतर एका दुपारी एक मिस्त्री आला. हातात मोजपट्टी. मी डार्करूममध्ये प्रिंट धूत होतो. त्याने दार वाजवलं, आत आला, भिंती मोजल्या आणि मला विचारलं, “हा नळ ठेवायचा की काढायचा?”

“कसला नळ?”

“हाच. रंगीत प्रिंटचं मशीन येणार ना इथं. जावईसाहेब म्हणाले, या महिन्यात सगळं मोकळं होईल.”

मी हात पुसत बाहेर आलो. मधल्या दारात अक्का ताकाचा पेला घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. तेव्हा कळलं, तिलाही माहीत आहे. समोरच्या बाइंडिंगवाल्याला माहीत होतं, कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याला माहीत होतं. कॉफीवाला दोन दिवसांपूर्वी मला म्हणाला होता, “मग, पुढं काय विचार?” मी आपला देशाच्या पुढच्या विचाराबद्दल काहीतरी बोलून आलो होतो.

संध्याकाळी अण्णा स्वतःच बोलले, पण माझ्याकडे न बघता. “मुलीचा संसार आहे रे. नाही कसं म्हणू? तुला काढत नाही मी. काउंटरला बस. स्वल्प अ‍ॅडजस्ट करू या की.”

बंगळुरात बसमध्ये तिसऱ्या माणसाला सीटवर जागा हवी असली की म्हणतात तेच वाक्य. मी म्हणालो, “सरी.” मला भांडता आलं असतं. मी आयुष्यात कधी वेळेवर भांडलो नाही, हा माझा दोष आहे. जे वेळेवर बोलत नाहीत ते नंतर भलतंच काहीतरी करतात.

त्याच दिवसांत अक्काच्या फोटोचं निघालं.

चाळीस वर्षं फोटोग्राफरची बायको, पण तिचा एकटीचा धड फोटो घरात नव्हता. लग्नातला एक होता, त्यात ती मुंडावळ्यांच्या मागे होती. अण्णांनी कॅमेरा उचलला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. आता तिच्या गळ्याला सुपारीएवढी गाठ झाली होती. ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, गळ्यावर आडवी खूण राहील, आवाजही कदाचित बदलेल.

एक दिवस जेवताना ती स्वतःहून म्हणाली, “गळा कापायच्या आधी एक फोटो काढा माझा. आवाज नाही येत फोटोत, तेवढं बरं.”

अण्णांच्या हातातला घास तसाच राहिला. “नवीन फिल्म आणतो उद्या.”

“कशाला नवीन? मीपण तारीख गेलेलीच. तुमच्या फ्रिजातलीच घाला एक. त्यांना तीन-तीन गाठी, मला एकच.”

अण्णांनी मग खरंच तीन गाठींचं रीळ निवडलं. मला म्हणाले, “तीन गाठींची फिल्म माणसाला दटावत नाही बघ. भरपूर उजेड दे, सावकाश घे, मग चेहरा मऊ येतो. सुरकुत्यासुद्धा झोपल्यासारख्या दिसतात.” ते रीळ दुसऱ्या कामाला कुणी वापरू नये म्हणून अक्काने आपल्या ब्लाउजला टीप घालायचा हिरवा दोरा काढून दिला. बाकी सगळ्या रिळांना पांढरे दोरे होते. हिरवा एकच. अण्णांनी माझ्यासमोर त्याला तीन गाठी मारल्या.

आठपट उजेड द्यायचा म्हणजे शटर बराच वेळ उघडं राहणार आणि तेवढा वेळ हलायचं नाही. म्हणून अक्का चार दिवस सराव करत होती. भाजी चिरता चिरता मध्येच पुतळ्यासारखी बसायची, श्वास धरून. मग सोडून विचारायची, “एवढं पुरे की अजून?”

हे सगळं मला माहीत होतं. हे सांगणं भाग आहे, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते रीळ कुणाचं, हे माझ्या लक्षात नव्हतं. लक्षात होतं.

फोटोच्या आदल्या दिवशी दुपारी अण्णा जावयाबरोबर मशीन पाहायला गेले होते. अक्का रामाच्या देवळात गेली होती. मी मागच्या घरात पाणी प्यायला गेलो. फ्रिज उघडला, बाटली काढली. हिरवा दोरा समोरच होता. ओलीने गाठी घट्ट झाल्या होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरची टाचणी काढली आणि उभ्या उभ्या एक गाठ सोडवली. वाटलं होतं, एकच. मग दुसरी. तिसरीला वेळ लागला, मला घाम आला होता. दोरा परत रिळाला गुंडाळला, टाचणी कॅलेंडरला लावली, आणि पाणी न पिताच बाहेर आलो.

तेव्हा मनात काय होतं, ते जमेल तितकं खरं सांगतो. वाटत होतं, अण्णांचा एक फोटो फसावा. फसावा, आणि तो जावयासमोर फसावा. म्हणजे त्यांना कळेल, मी नसलो तर काय होतं. मग ते मला हाक मारतील आणि मी त्या खोलीत परत जाईन. अक्काचा फोटो दुसऱ्या दिवशी पुन्हा काढता येईल, असंही मी मनाला पटवलं. तिने खाली घातलेली नजर मला आठवत होती. तिच्यावरही माझा राग होता, हे त्यातलं सगळ्यात खालचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का न्हाऊन, अबोली रंगाचं पातळ नेसून आली. मंगळसूत्र मागे सारून गळा मोकळा ठेवला होता. खिडकीशी स्टुलावर बसली. मुलगी इंदिरानगरहून आली होती, जावई दारात उभा. अण्णांनी रीळ हातात घेतलं आणि सवयीने दोरा चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला. थांबले. पुन्हा ओढला.

“गाठी नाहीत रे.”

मी स्टँडवरचा दिवा हलवत होतो. हलवत राहिलो.

“ह्याला तीन मारल्या होत्या ना आपण?”

माझ्याकडे अजून वेळ होता. सुटल्या असतील म्हणालो असतो तरी चाललं असतं. तीन धरूनच काढा अण्णा, एवढं म्हणालो असतो तरी सगळं निभावलं असतं. मी म्हणालो, “नव्हत्या अण्णा. तुम्हीच तपासून म्हणालात, ही नव्यासारखी आहे. तीनवाली ती दुसरी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोतीबिंदूमुळे त्यांची नजर माणसाच्या जरा बाजूला पडायची. “होय? मी म्हणालो?”

“होय.”

“सरी,” अण्णा म्हणाले.

स्वतःच्या बोटांनी बांधलेली गाठ त्यांनी माझ्या शब्दावरून खोटी मानली. त्यांनी मला डार्करूम दिली नाही, पण हा विश्वास दिला होता. तो मला त्या क्षणापर्यंत दिसला नव्हता.

त्यांनी लेन्सचं तोंड बारीक केलं, वेळ कमी केला. सहा फोटो काढले. प्रत्येक वेळी खट्ट, आणि झालं. सहाव्यानंतर अक्काने धरलेला श्वास सोडला.

“एवढ्यात झालं?”

“झालं की.”

“तुम्ही तर म्हणालात, जीव धरून बसावं लागेल. चार दिवस सराव केला मी.” ती हसत होती. मुलगी म्हणाली, “आई, तुझा उगीच सराव वाया गेला.”

फिल्म अण्णांनीच धुतली. त्या खोलीतलं ते त्यांचं शेवटचं काम ठरलं. ओली पट्टी त्यांनी खिडकीसमोर धरली. डोळ्यांना नीट दिसेना, म्हणून माझ्या हातात दिली. “कशी आहे?”

करडी होती. सगळीकडे सारखंच करडं पटल, आणि त्यात सहा ठिकाणी कुणीतरी बसून उठून गेल्यासारखं काहीतरी. नाकातल्या चमकीचा एक ठिपका मात्र सहाही फोटोंत स्वच्छ होता. गळा कुठेच नव्हता.

“पातळ आहे,” मी म्हणालो.

“किती?”

“फार.”

ते स्टुलावर बसले. खिशातून हिरवा दोरा काढला आणि शिंपी दोरा सरळ करायला ओढतात तसा अंगठ्याच्या नखावरून ओढला. एकदा, दोनदा. मग घडी करून परत खिशात ठेवला. म्हणाले, “माझे वडील असेच सुरू झाले होते. आधी मापं विसरायला लागले. मग गिऱ्हाइकं. मग आम्हाला.” आवाज अगदी साधा होता. “बरं झालं खोली देऊन टाकली ती.”

मी पट्टीला चिमटा लावून ती वाळत टाकली.

दुसऱ्या दिवशी फोटो परत काढता येईल, हा माझा हिशेब होता. पण इस्पितळातून त्याच संध्याकाळी निरोप आला, जागा झाली आहे, सकाळी या. ऑपरेशन नीट झालं. अक्का त्यानंतर पाच वर्षं जगली, घोगऱ्या आवाजात हुकूम सोडत आणि गळ्याभोवती पदर घट्ट ओढून घेत. फोटोला पुन्हा बसली नाही. मी एकदा धीर करून म्हणालो, तर म्हणाली, “एकदा बसले तेवढं पुरे. माझं तोंडच फिल्मला नको होतं.”

मी दोन महिन्यांत स्टुडिओ सोडला. काउंटरला बसवलं म्हणून सोडला, असं सगळे समजले. अण्णाही तसंच समजले असतील, किंवा नसतील. जाताना त्यांनी मला फ्रिजमधली सगळी रिळं देऊ केली, पांढऱ्या दोऱ्यांची. “तूच घेऊन जा. माझ्या गाठींवर आता भरवसा नाही. तपासून वापर.” मी ती घेतली. एकेक तपासली. एकही गाठ चुकलेली नव्हती. त्यांच्यात ती सहा फोटोंची पट्टीही होती, कागदात गुंडाळलेली. ती त्यांनी मुद्दाम घातली की चुकून आली, मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट मला माहीत नाही. घट्ट बसलेली गाठ सोडवली तरी दोरा पूर्ववत होत नाही. जिथे गाठ होती तिथे तो वेडावाकडा राहतो, नखावरून कितीही ओढा. तीन गाठी, तीन जागा. जन्मापासून दोऱ्यांत वाढलेल्या माणसाच्या बोटांना हे कळलं नसेल? कळलं असेल तर ते गप्प का राहिले? खोलीच्या बदल्यात हे फिटलं, असं मानलं असेल का? मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. कधी वाटतं, त्यांना कळलं होतं, आणि तसं वाटलं की माझा जीव हलका होतो. म्हणूनच त्या वाटण्यावर मी विश्वास ठेवत नाही.

अण्णांनी त्या दिवसानंतर कॅमेरा हातात घेतला नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला नकार दिला, “काय बघायचंय आता,” म्हणाले. सगळं लिहून ठेवायला लागले, दूध आलं, चावी दिली, गोळी घेतली. मी भेटायला गेलो की विचारायचे, “हे मी मघाशी सांगितलं काय रे तुला?” सांगितलेलं नसायचं. शेवटच्या दोन वर्षांत ते खरोखरच विसरू लागले. त्याआधीची सहा-सात वर्षं मात्र त्यांनी फक्त भीतीत काढली, आणि ती भीती मी घातलेली होती.

मला फसवलं गेलं होतं. आजही ती दुपार, ती मोजपट्टी मी विसरलेलो नाही. त्यांनी शब्द दिला आणि मोडला, समोर बसवून सांगण्याचं धाडसही केलं नाही. त्यांचं ते चूकच होतं. पण त्यांनी माझी खोली घेतली, आणि मी त्यांची बोटं घेतली.

गेल्या वर्षी एका ओळखीच्या लग्नात अण्णांची मुलगी भेटली. आता बेळ्ळंदूरला तिच्या मुलाच्या फ्लॅटवर राहते. केस पांढरे झालेत, हसणं अक्काचं. मला ‘दादा’ म्हणते, तेव्हापासून. आम्ही जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलो.

“दादा, तुमच्याकडे आईचा एखादा फोटो असेल का हो? नात विचारते, पणजी कशी होती. आमच्याकडे तो एकच आहे, भिंतीवरचा.”

भिंतीवरचा मला माहीत आहे. कुणाच्यातरी लग्नातल्या घोळक्यातून अक्काचा तांदळाएवढा चेहरा उचलून मोठा केलाय. डोळ्यांच्या जागी दोन डाग, आणि खांद्याला कुणा परक्याचा खांदा चिकटलेला.

“नाही गं,” मी म्हणालो.

“असणार कसा. अण्णांनी काढला होता एकदा, तुम्ही होताच की. फिल्मच चुकीची लावली. तिथून त्यांचं विसरणं सुरू झालं बघा. डॉक्टरांनासुद्धा आम्ही तेच सांगितलं होतं, त्या फोटोपासून सुरू झालं म्हणून.” मग वाढप्याला म्हणाली, “स्वल्प सांबार वाढा ह्यांना.”

ती हल्ली स्वतःच्या विसरण्यालाही घाबरते, असं पुढे बोलताना म्हणाली. चष्मा कुठे ठेवला ते आठवलं नाही की रात्रभर झोप लागत नाही. आजोबांना होतं, अण्णांना लवकरच सुरू झालं, आता माझी पाळी.

अण्णांना लवकर सुरू झालं नव्हतं. हे माहीत असलेला माणूस तिच्या शेजारी बसून सांबार-भात कालवत होता.

ती पट्टी माझ्याकडे आहे, कपाटात, कोरड्या डब्यात. अधूनमधून काढून उजेडासमोर धरतो. हल्ली यंत्रावर अशा पुसट पट्टीतूनही थोडंफार काढता येतं म्हणतात. चमकी तर आहेच, कपाळ आहे, कदाचित हसूही निघेल. गळा निघणार नाही.

अण्णा आणि अक्का दोघंही आता नाहीत, त्यांचं मी जे देणं लागतो ते फिटणार नाही. त्यांच्या मुलीचं मात्र लागतो. एक, ती सहा फोटोंची पट्टी. दुसरं, एवढं तिच्या तोंडावर सांगणं: त्या दिवशी अण्णांची आठवण चुकली नव्हती, दोऱ्याला तीन गाठी होत्या आणि त्या मी सोडवल्या. यातलं काहीही मी अजून दिलेलं नाही.